पक्ष्यांच्या स्थलांतराच्या रात्री दिवे मालवायचे, पण नेमके कुठले?

रातवा: दिवे कमी करा म्हटलं की लोकांना अंधारी गल्ली दिसते. रस्त्याचे दिवे राहू द्या. आक्षेप आहे आकाशाकडे मारलेल्या झोतांवर आणि रिकाम्या कचेऱ्यांच्या उजळ खिडक्यांवर. बरेचसे छोटे पक्षी रात्री स्थलांतर करतात. ढग खाली उतरले की तेही खाली येतात आणि उजेडात घिरट्या घालत दमतात. न्यूयॉर्कमध्ये 9/11 च्या हल्ल्याच्या स्मरणार्थ आकाशात सोडतात त्या झोतांमुळे सात रात्रींत मिळून सुमारे 11 लाख पक्षी भरकटले, असं रडारवरून दिसलं. झोत विझवताच ते मिनिटांत पांगतात. म्हणून तिथे हजार पक्षी मोजले गेले की 20 मिनिटं झोत बंद ठेवतात.

लक्स: जीव घेते ती काच. अमेरिकेत इमारतींवर आदळून वर्षाला 36.5 ते 98.8 कोटी पक्षी मरतात असा अंदाज आहे, त्यात उंच इमारतींचा वाटा एक टक्क्याहून कमी! बाकी सगळी घरं आणि ठेंगण्या इमारती. तिथे दिवसा काचेत झाड दिसतं, पक्षी सरळ आत घुसायला जातो. उपाय म्हणजे ठिपक्यांची फिल्म: ठिपक्यांत 5 सेंमी अंतर, आणि लावायची बाहेरून. आतून लावली तर प्रतिबिंब तसंच राहतं. ससाण्याचं एकच स्टिकर तर निव्वळ शोभेचं, पक्षी त्याच्या शेजारच्या मोकळ्या काचेवर आदळतो.

रातवा: पण तो पक्षी सकाळी त्या काचेपाशी आला कसा? रात्रीच्या उजेडानं शहरात उतरवला म्हणून. शिकागोच्या मॅकॉर्मिक प्लेस या अधिवेशन केंद्राच्या काचांवर आदळून ऑक्टोबर 2023 मध्ये एका रात्रीत जवळपास हजार पक्षी मेले. त्याच इमारतीवरच्या 2021 च्या अभ्यासाचा अंदाज असा, की उजळ खिडक्यांचं क्षेत्र तिथल्या आजवरच्या किमान पातळीवर आणलं तर धडका सुमारे 60 टक्के घटतील.

पॅनेलवाला: कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात सफाईवाले रात्री येतात, हालचाल टिपून दिवे लावणाऱ्या सेन्सरचा झोन, म्हणजे एका सेन्सरवरचा भाग, मोठा असतो आणि एक माणूस चालला की अख्खा मजला पेटतो. झोन लहान करा, माणूस गेल्यावर दिवा विझेपर्यंतचा सेन्सरचा विलंब कमी करा, सफाई संध्याकाळी उरका. नाहीतर सरळ पडदे ओढा. साधा टायमर ऋतूप्रमाणे सरकत नाही, सूर्यास्त मोजणारा घ्या. जिन्याचे आणि आणीबाणीचे दिवे वेगळ्या सर्किटवर असतात, त्यांना हात लावायचा नाही. उंच प्रसारण मनोऱ्यांवर विमानांसाठी लावलेले स्थिर लाल दिवे काढून फक्त लुकलुकणारे ठेवले तर पक्षी बरेच कमी मरतात. मात्र ते विमानवाहतूक खात्याच्या मंजुरीनंच, परस्पर नाही.

लक्स: मॅकॉर्मिक प्लेसचं उदाहरण उलट माझंच आहे! 2024 मध्ये काचांवर ठिपक्यांची फिल्म लागली आणि मृत्यू 95 टक्क्यांच्या आसपास घटले. फिल्म एकदा लावली की झालं. दिवे मात्र कुणीतरी रोज आठवणीनं मालवायचे.

रातवा: फिल्म लावाच, वाद नाही. पण ती एका इमारतीची. शहरभरच्या काचा झाकेपर्यंत किती हंगाम जातील? आणि गच्चीवरून आभाळात जाणाऱ्या झोताला कुठली फिल्म लावणार?

लक्स: झोतांचं मान्य. ते बंदच करा.