छोट्या कॉलेजांच्या फुटबॉल कॉन्फरन्सचा साप्ताहिक आढावा: कोणत्या निकालाला किती महत्त्व द्यावे?

शनिवार_दुपार

नमस्कार मंडळी. एनसीएए या अमेरिकी कॉलेज खेळांच्या संघटनेच्या तिसऱ्या विभागात, म्हणजे डिव्हिजन थ्रीमध्ये, अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या एका कॉन्फरन्सच्या (आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाच्या) सामन्यांवर मी गेली दोन वर्षे दर रविवारी मराठीत टिपण लिहितो. माझा भाचा तिथल्या एका संघात गार्ड म्हणून, म्हणजे आक्रमणफळीत वाट मोकळी करणारा, खेळतो, त्यामुळे सुरुवात घरच्यांना समजावे म्हणून झाली. हळूहळू ओळखीबाहेरचे वाचकही जोडले गेले. टिपणाचे दोन भाग असतात, आधी झालेल्या सामन्यांचा आढावा आणि मग येत्या शनिवारच्या सामन्यांचा वेध. मला अडचण दोन्ही भागांत येते.

आढावा लिहिताना 49-7 आणि 20-17 हे दोन निकाल समोर आले की माझा हात आपोआप पहिल्याकडे वळतो, आणि काही आठवड्यांनी लक्षात येते की हंगामाची दिशा दुसऱ्याने ठरवली होती. वेध घेताना तर याहून मोठी चूक झाली. गेल्या हंगामात एका संघाने कॉन्फरन्सबाहेरचे तिन्ही सामने मोठ्या फरकाने जिंकले, म्हणून मी त्यांना विजेतेपदाचे दावेदार म्हटले, आणि कॉन्फरन्सचे पहिले दोन्ही सामने ते हरले. या पातळीवर दुखापतींची माहिती फारशी बाहेर येत नाही आणि मोठ्या वाहिन्या इकडे वळत नाहीत, तेव्हा अंदाज बांधायचा तरी कशावर?

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. तक्त्याच्या तळाशी असलेल्या दोन संघांच्या सामन्याला मी नेहमी एकच वाक्य देतो. भाच्याचा संघ सध्या त्याच तळाशी आहे, म्हणून नव्हे, पण हे बरोबर आहे का, असा प्रश्न मला पडतो.

चौथा_डाउन

आपल्या प्रश्नाचे उत्तर गुणफलकाच्या आधी वेळापत्रकात शोधावे, असे मी सुचवीन. डिव्हिजन थ्रीमध्ये नियमित हंगाम साधारण दहा सामन्यांचा असतो, पण त्यांतले कॉन्फरन्सचे किती आणि बाहेरचे किती, हे जागोजागी वेगळे असते. विस्कॉन्सिनमधील डब्ल्यूआयएसीमध्ये आठ संघ आहेत, त्यामुळे प्रत्येकाला सात सामने आपसांत आणि तीन बाहेर मिळतात. न्यू इंग्लंडमधील नेस्कॅकमध्ये दहा संघ असून 2017 पासून त्यांचे नऊच्या नऊ सामने आपसांतच होतात. तिथे बाहेरच्या संघांशी तुलना करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मिनेसोटातील एमआयएसीने 2021 पासून संघ दोन गटांत वाटून शेवटी विजेतेपदाचा स्वतंत्र सामना ठेवला, म्हणजे तिथे गटातल्या सामन्याला एक मोल आणि गटाबाहेरच्या सामन्याला दुसरे. आपली कॉन्फरन्स यांतल्या कोणत्या घडणीची आहे, हे वाचकाला हंगामाच्या पहिल्याच टिपणात सांगून टाकावे, म्हणजे पुढचा प्रत्येक निकाल त्याला स्वतः जोखता येतो.

राष्ट्रीय प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीच्या स्पर्धेत, 2024 पासून 40 संघ खेळतात. बहुतेक जागा कॉन्फरन्सच्या विजेत्यांना थेट मिळतात, आणि उरलेल्या थोड्या जागा एनपीआय या निर्देशांकावरून भरल्या जातात. या निर्देशांकात जय-पराजय आणि प्रतिस्पर्ध्यांची ताकद धरली जाते, पण विजयाचा फरक धरला जात नाही. म्हणून आपला 49-7 हा निकाल आणि कुणाचा 10-7 हा निकाल, प्रतिस्पर्धी सारख्याच ताकदीचे असतील तर, निवडीच्या दृष्टीने सारखेच भरतात. आपला हात मोठ्या आकड्याकडे वळतो हे स्वाभाविक आहे, पण निवडीची पद्धत त्या आकड्याकडे पाहतच नाही.

तेव्हा प्रत्येक निकालानंतर मी पहिला प्रश्न विचारतो तो असा, की आपले भवितव्य आता कोणाच्या हातात राहिले आणि कोणाच्या हातून गेले. समजा, दोन संघ 4-1 वर, म्हणजे चार विजय आणि एक पराभव यांवर, आहेत. त्यांतला एक संघ आघाडीच्या 5-0 संघाशी खेळून हरलेला आहे. दुसऱ्याचा त्या संघाशी सामना अजून व्हायचा आहे. तक्त्यात दोघे शेजारी दिसतात, पण दुसरा संघ सगळे सामने जिंकला तर आघाडीच्या संघाला तो स्वतःच गाठतो आणि आपसांतला सामनाही त्याच्याच बाजूने असतो; पहिल्याला मात्र दुसऱ्या कुणीतरी आघाडीच्या संघाला हरवण्याची वाट पाहावी लागते. हा भेद आढाव्यात आला की पुढच्या आठवड्याचा वेध त्यातूनच निघतो.

याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण ओहायोचे आहे. अलायन्स गावच्या माउंट युनियनने प्रशिक्षक लॅरी केहरेस यांच्या काळात 11 राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, आणि नियमित हंगामातील त्यांची विजयमालिका पुढे 112 सामन्यांपर्यंत पोहोचली. नोव्हेंबर 2016 मध्ये हंगामाच्या शेवटच्या शनिवारी जॉन कॅरोलने त्यांना 31-28 असे हरवले आणि ओहायो ॲथलेटिक कॉन्फरन्सचे विजेतेपद घेतले. त्या रविवारी बहुतेकांनी एवढेच लिहिले, की मालिका तुटली. प्रत्यक्षात त्या तीन गुणांनी थेट जागा एका संघाकडून दुसऱ्याकडे नेली आणि माउंट युनियनला उरलेल्या जागांपैकी एकीवर अवलंबून राहावे लागले. ती त्यांना मिळाली आणि दोन्ही संघ राष्ट्रीय उपांत्य फेरीपर्यंत गेले. त्या कॉन्फरन्सचा दुसरा संघही देशातल्या पहिल्या चारांत बसणारा होता, ही गोष्ट विजयाच्या फरकातून कुणालाच कळली नसती.

बाहेरच्या तीन सामन्यांविषयी एवढेच सांगतो, की ते कोणाशी झाले हे पाहिल्याशिवाय त्यांचे गुण मोजू नयेत. ते प्रतिस्पर्धी त्यानंतर स्वतः काय करतात, यावर दोन-तीन आठवडे नजर ठेवावी आणि मगच त्या विजयांना किंमत द्यावी.

यार्डांची_मोजणी

मी काही हंगाम एका छोट्या कॉलेजच्या मैदानावर आकडेवारी नोंदवण्याचे काम केले आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने थोडे लिहिते. विजयाचा फरक निवडीत धरला जात नाही हे खरे, परंतु वेध घेणाऱ्याने तो पूर्ण टाकून द्यावा असे मला वाटत नाही. तो कसा तयार झाला हे मात्र पाहावे. प्रत्येक सामन्यानंतर कॉलेजे जी आकडेवारी प्रसिद्ध करतात, तिच्यात ड्राइव्हचा, म्हणजे एका संघाकडे चेंडू असतानाच्या सलग खेळींचा, तक्ता असतो, आणि माझ्या मते आपल्या कामाचे सगळ्यांत मोलाचे पान तेच. प्रत्येक ड्राइव्ह कोणत्या यार्डरेषेवरून सुरू झाला, किती खेळींत संपला आणि कशाने संपला, हे तिथे ओळीने दिलेले असते. 35 गुण करणाऱ्या संघाचे तीन टचडाउन (चेंडू गोलरेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण) प्रतिस्पर्ध्याच्या 20 यार्डांच्या आतून सुरू झाले असतील, तर ते इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याचा पास पकडणे) आणि फंबल (त्याच्या हातून चेंडू सुटणे) यांचे दान आहे, आणि पुढच्या शनिवारी ते पुन्हा मिळेल याची खात्री नसते. उलट चार वेळा 70-75 यार्ड चालून जाऊन 24 गुण केलेला संघ माझ्या दृष्टीने अधिक भरवशाचा. आपल्या त्या तीन मोठ्या विजयांचे तक्ते आता काढून पाहा, बहुधा कारण तिथेच सापडेल.

मोठ्या फरकाच्या सामन्यात शेवटच्या दोन क्वार्टरांचे आकडे मी जवळजवळ बाजूला ठेवते. डिव्हिजन थ्रीच्या अनेक संघांत शंभराहून अधिक खेळाडू असतात आणि सामना हातात आला की प्रशिक्षक दुसऱ्या-तिसऱ्या फळीला मैदानात उतरवतात. तरीही दोन संघांतली दरी कधीकधी इतकी मोठी असते की आकडा थांबत नाही. 2017 मध्ये सेंट थॉमसने सेंट ओलाफला 97-0 असे हरवले. पुढे 2019 मध्ये, स्पर्धेतला समतोल राहत नाही या कारणावरून, एमआयएसीने सेंट थॉमसला बाहेर पडायला लावले आणि 2021 मध्ये ते कॉलेज थेट पहिल्या विभागात गेले. असा निकाल आढाव्यात निव्वळ विक्रम म्हणून लिहिणे अपुरे ठरले असते. दोन कॉलेजांची साधने आणि विद्यार्थिसंख्या किती असमान आहेत, याची ती नोंद होती.

आता छोट्या फरकाविषयी. एका पावसाळी शनिवारचा 22-19 असा एक निकाल माझ्या नोंदवहीत आहे. कागदावर तो किकर्सचा सामना वाटतो. घडले ते असे. पाहुण्या संघाने चौथ्या क्वार्टरमध्ये टचडाउन करून 19-14 अशी आघाडी घेतली. टचडाउननंतरच्या जादा गुणाच्या किकसाठी होल्डर, म्हणजे किकरसाठी चेंडू धरणारा, गुडघ्यावर बसला, टॉवेलला दोन्ही हात पुसले आणि बोटे पसरून खूण केली; चेंडू मात्र त्याच्या खांद्याच्या उंचीवर आला. तो खाली आणून उभा करीपर्यंत किकर दोन पावले पुढे येऊन अडखळला होता. किक अडवली गेली, यजमान संघाच्या एका बचावपटूने चेंडू उचलला आणि पलीकडच्या टोकापर्यंत पळत नेला. कॉलेज फुटबॉलच्या नियमाप्रमाणे त्याचे 2 गुण मिळतात. 20-14 होणार होते तिथे 19-16 झाले, त्यामुळे शेवटच्या मिनिटात यजमानांना बरोबरीसाठी एक फील्ड गोल (किकवरचे 3 गुण) पुरला आणि ओव्हरटाइममध्ये दुसऱ्या फील्ड गोलने त्यांनी सामना जिंकला. पुढच्या आठवड्याचा वेध घेणाऱ्यांनी यजमानांच्या किकरचे कौतुक केले, जे योग्यच होते, पण पाहुण्यांच्या लाँग स्नॅपरची, म्हणजे किकसाठी चेंडू मागे फेकणाऱ्याची, जागा कोण घेणार, हे कुणीच विचारले नाही. शिष्यवृत्ती देऊन खास स्नॅपर किंवा किकर आणण्याची सोय या विभागात नाही, त्यामुळे असा एक कच्चा दुवा महिनाभर पुरतो. आपण लिहिताना हे जरूर विचारा.

शनिवार_दुपार

आपले दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे गेल्या हंगामातील त्या संघाचे तक्ते काढून पाहिले. तीन विजयांतील 14 टचडाउनपैकी सहा टचडाउन प्रतिस्पर्ध्याच्या 30 यार्डांच्या आत सुरू झालेल्या ड्राइव्हवर आलेले निघाले. मी केवळ बेरीज पाहिली होती. तळाच्या सामन्यांविषयीचा प्रश्न मात्र अजून उरला आहे.

जुना_गार्ड

त्याच प्रश्नासाठी लिहितो आहे. मी एका छोट्या कॉलेजच्या संघात चार वर्षे आपल्या भाच्याच्याच जागी खेळलो, आणि त्यांतली दोन वर्षे आम्ही तळाशीच होतो.

डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नसते. मोजके अपवाद सोडले, तर नोव्हेंबरातला शेवटचा सामना हा शेवटच्या वर्षाच्या खेळाडूच्या आयुष्यातला शेवटचा फुटबॉल सामना असतो. म्हणून तक्त्यातले स्थान हे सामन्याच्या महत्त्वाचे एक माप आहे, एकमेव नाही. इंडियानातील वाबॅश आणि डिपॉ हे दोघे 1932 पासून रेल्वेच्या एका जुन्या घंटेसाठी, मोनॉन बेलसाठी, खेळतात; ते एकाच कॉन्फरन्समध्ये आहेत आणि कित्येकदा विजेतेपदही त्याच दिवशी ठरते, पण जेव्हा ठरत नाही तेव्हाही त्या घंटेचे मोल कमी होत नाही. न्यूयॉर्कमधील कॉर्टलंड आणि इथाका तर आता वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये आहेत, म्हणजे त्यांच्या सामन्याचा कॉन्फरन्सच्या तक्त्याशी काही संबंध नाही, आणि तरीही 2019 मध्ये मेटलाइफ स्टेडियमवर तो पाहायला 45,161 लोक आले होते. येत्या शनिवारचा वेध घेताना तक्ता जिथे गप्प बसतो तिथे असे सामने निसटतात, याची आठवण ठेवावी.

तळाच्या दोन संघांच्या सामन्याला मी तीन-चार वाक्ये द्यावीत असे म्हणेन, आणि त्यांत हंगामाच्या सुरुवातीपासून नेमके काय बदलले ते असावे. पहिल्या वर्षाचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा खेळाडू, सप्टेंबरात दबाव आला की चेंडू घेऊन मागे मागे सरकत होता आणि आता पाऊल रोवून पास टाकतो, हे 0-5 या आकड्यात दिसत नाही, पण पुढच्या वर्षीचा तक्ता त्यातूनच बनतो. तिसऱ्या डाउनला (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतल्या तिसऱ्याला) तीन यार्डांच्या आत हवे असताना संघ किती वेळा यशस्वी झाला, हे सलग तीन आठवडे मांडून पाहा. आक्रमणफळी सुधारते आहे की नाही, हे त्यापेक्षा चांगले सांगणारा आकडा मला माहीत नाही.

अंदाजाविषयीही थोडे. अमुक संघ अमुक गुणांनी जिंकेल, असे लिहिण्यापेक्षा कोणत्या अटीवर कोण जिंकेल, ते लिहावे. 2023 चा स्टॅग बोल, म्हणजे या विभागाचा राष्ट्रीय अंतिम सामना, कॉर्टलंडने नॉर्थ सेंट्रलविरुद्ध 38-37 असा जिंकला. अखेरच्या टचडाउननंतर नॉर्थ सेंट्रलने बरोबरीची किक न घेता 2 गुणांची खेळी निवडली आणि ती अडवली गेली. त्या सामन्याआधी ज्याने गुणांचा अंदाज दिला असेल तो एका खेळीने बरोबर किंवा चूक ठरला. पण नॉर्थ सेंट्रलच्या आक्रमणाला गोलरेषेजवळ रोखता आले तर कॉर्टलंडला संधी आहे, असे ज्याने लिहिले असेल त्याने वाचकाला सामना कुठे पाहायचा ते दाखवून ठेवले.

भाच्याच्या पुढच्या सामन्यात चेंडू सोडून फक्त त्याच्याकडे पाहा. धावण्याच्या प्रत्येक खेळीत पहिल्या धडकेनंतर त्याचे पाय चालू राहतात की थांबतात, ते कागदावर रेघा मारून मोजा, आणि रविवारच्या टिपणात तो आकडा लिहा. संघ हरला असला तरी लिहा.