सिएरा लिओनचं राष्ट्रीय अभिलेखागार, सामान्य माणसाच्या काय कामाचं?

महालवाली:
एम.ए. इतिहासच्या सेमिनारला पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशाचं अभिलेखागार घ्यायचं आहे, मी सिएरा लिओन घेतलं. फ्रीटाऊनला फोरा बे कॉलेजात आहे एवढं सापडलं. पण पीएचडीवाले सोडून तिथं जातं कोण, हेच समजून नाही राहिलं. कोणी वाचलंय का?

जुनीवही:
ताई, आधी तिथली 'लिबरेटेड आफ्रिकन' रजिस्टरं बघा. १८०७ मध्ये ब्रिटिशांनी गुलामांचा व्यापार बंद केला, मग त्यांचं आरमार समुद्रात गुलामांची जहाजं पकडून फ्रीटाऊनला आणायचं अन् उतरलेल्या माणसांच्या नोंदी व्हायच्या, १८०८ पासून १८४८ पर्यंतच्या. नंबर, नाव, बाई का माणूस, वय, उंची, अंगावरच्या खुणा, लहान लेकरांच्यासुद्धा. हा माणूस आता कोणाचा गुलाम नाही याचा तोच सरकारी पुरावा. नावं कानावर पडतील तशी लिहिलेली, आज अभ्यासक ती उच्चारून तिकडच्या भाषा बोलणाऱ्यांना ऐकवतात अन् माणूस मूळचा कुठला ते शोधतात. पण सुटले म्हणजे लगेच मोकळे झाले असं नाही, कित्येकांना अप्रेंटिस म्हणून राबवलं, काहींना सैन्यात घातलं, हेही नक्की लिहा.

सक्करदरा७:
हे वाचून आमचं जातीच्या दाखल्याच्या पडताळणीचं, व्हॅलिडिटीचं प्रकरण आठवलं. १९५० च्या आधीचा पुरावा पाहिजे होता, पणजोबा शाळेत गेले नाहीत, नावावर जमीन नाही, तीन महिने चकरा मारल्या तेव्हा कुठं गावच्या कोतवाल बुकात त्यांच्या बहिणीच्या जन्माची एक ओळ सापडली. पानाची कड वाळवीनं खाल्लेली, पण जातीचा रकाना शाबूत. बाबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं ते कितीतरी वेळ उचललंच नाही. अभिलेखागार फक्त संशोधकांसाठी असतं असं कोणी म्हटलं की मला खरंच राग येतो.

महालवाली:
दादा, हे सेमिनारमध्ये सांगू का? नाव नाही घेणार. अन् ती रजिस्टरं इथं बसून पाहता येतील का?

सक्करदरा७:
सांग न, बिनधास्त सांग.

जुनीवही:
येतील, ब्रिटिश लायब्ररीच्या एंडेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्राममधून बरीच स्कॅन झाली आहेत. १९९१ ते २००२ तिथं यादवी युद्ध होतं, त्यातून हे कागद वाचलेत. अन् सॅम्युएल अजयी क्राउदर वाचा, १८२२ मध्ये असाच जहाजातून सुटून फ्रीटाऊनला उतरलेला पोरगा, १८२७ ला फोरा बे निघालं तेव्हा तिथं शिकला, १८६४ मध्ये बिशप झाला. हे कागद आज त्याच्याच कॉलेजात आहेत.