नायट्रससाठी ४०० चा ब्लॉक: ३७७, ४०६ की ४३४?

पिस्टनवेडा
मंडळी, जुना स्मॉल ब्लॉक शेवी ४०० (शेवरोलेचं ४०० क्युबिक इंचाचं व्ही-८ इंजिन) चा ब्लॉक हाताशी आलाय, स्टँडर्ड बोअर (सिलिंडरचा व्यास) ४.१२५ इंच पण घासलेला आहे, त्यामुळे ३० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाईज करून ४.१५५ करावाच लागेल. आता अडलंय ते स्ट्रोकवर, म्हणजे पिस्टन वर-खाली किती जातो त्यावर. ३.४८ चा क्रँक टाकला तर ३७७ होतो, ४०० चा मूळ ३.७५ ठेवला तर ४०६, आणि ४.०० चा घेतला तर ४३४ क्युबिक इंच. गाडी फक्त ड्रॅगसाठी आहे, २०० हॉर्सपॉवरचा नायट्रस शॉट (नायट्रस ऑक्साईड वायू सोडून मिळणारी जादा ताकद), कार्ब्युरेटरखालच्या प्लेटमधून सोडणारी प्लेट सिस्टीम, पुढे मागे २५० करायचा विचार आहे. एक जण म्हणतो मोठं इंजिन घे, दुसरा म्हणतो शॉर्ट स्ट्रोक घेऊन आरपीएम मार. नायट्रस असेल तर बोअर-स्ट्रोकचा हिशोब बदलतो का, की नेहमीचाच?

टॉर्कवाला
४३४ कर आणि विषय संपव. नायट्रसची बाटली बंद असताना पण गाडी पळायला हवी ना. आणि एक मुद्दा कोणी सांगत नाही, तोच २०० चा शॉट मोठ्या इंजिनात टाकला की जास्त क्युबिक इंचात वाटला जातो, म्हणजे तेवढ्याच ताकदीला प्रत्येक सिलिंडरमधलं सरासरी प्रेशर कमी राहतं. छोट्या इंजिनाला तीच ताकद काढायला जीव काढावा लागतो.

बोअरगेज
टॉर्कवाला दादांचा प्रेशरचा मुद्दा बरोबर आहे पण अर्धाच आहे. जेटमधून (नायट्रस सोडणारं बारीक भोक) नायट्रस सेकंदाच्या हिशोबाने जातो, इंजिनाच्या फेऱ्यांच्या हिशोबाने नाही. म्हणजे आरपीएम कमी असताना प्रत्येक इनटेक स्ट्रोकला जास्त नायट्रस मिळतो. २०० हॉर्सपॉवरचा शॉट ३००० ला उघडलास तर एकट्या नायट्रसचा टॉर्क साधारण ४७५ न्यूटन मीटर होतो, तोच ६००० ला २३७ च्या आसपास. पिस्टन आणि हेड गॅस्केट फुटतात ते या खालच्या आरपीएमच्या धक्क्याने. म्हणून तू कुठला स्ट्रोक घेतोस यापेक्षा बाटली कुठल्या आरपीएमला उघडतोस हे आधी ठरव.

आता पिस्टनकडे ये, माझ्या मते नायट्रसमध्ये खरा निकाल इथेच लागतो. या ब्लॉकची डेक हाईट, म्हणजे क्रँकच्या मध्यापासून ब्लॉकच्या माथ्यापर्यंतची उंची, ९.०२५ इंच. त्यातून अर्धा स्ट्रोक आणि रॉडची लांबी वजा केली की पिनच्या (पिस्टन आणि रॉड जोडणारी) मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची उरते. ४.०० स्ट्रोक आणि ६ इंची रॉड धरलास तर उरतं फक्त १.०२५ इंच, पिन थेट ऑईल रिंगच्या खाचेत घुसते, वरची रिंग माथ्याच्या जवळ सरकवावी लागते, आणि नायट्रसला नेमकं उलटं हवं असतं, माथा जाड आणि पहिली रिंग खाली, कारण उष्णतेचा पहिला मार पहिल्या रिंगच्या वरच्या पट्टीवरच बसतो. ३.७५ ला ६ इंची रॉडवर १.१५ मिळतं, ५.७ च्या रॉडवर १.४५. लांब रॉडचं कौतुक मी पण खूप केलंय, पण नायट्रसच्या इंजिनात मी ५.७ चा रॉड घेऊन ती जागा पिस्टनला देईन. ३.४८ वर ६ इंची रॉडला पण १.२८५ मिळतं, ते पण चांगलंच, फक्त ४०० च्या ब्लॉकचे मेन जर्नल (क्रँक ब्लॉकच्या बेअरिंगमध्ये बसतो ते भाग) मोठे असतात त्यामुळे ३.४८ च्या क्रँकला स्पेसर नाहीतर जाड बेअरिंग लागतात, ते विसरू नकोस.

वेगाचं म्हणशील तर ७००० ला ४.०० स्ट्रोकमध्ये पिस्टनचा सरासरी वेग २३.७ मीटर प्रति सेकंद, ३.४८ मध्ये २०.६. ३७७ ला ८००० पर्यंत नेलास तरच तो ४३४ च्या ७००० एवढा होतो.

माझं मत ४०६. आणि बोअर ३० थाऊच्या पुढे नेऊ नकोस, ते पण आधी सोनिक टेस्ट (अल्ट्रासाऊंडने भिंतीची जाडी मोजणं) करून. या ब्लॉकमध्ये शेजारचे सिलिंडर एकमेकांना चिकटलेले असतात, मधून पाणी जात नाही. थ्रस्ट साईडला (पिस्टन ज्या बाजूला दाबला जातो तिथे) भिंत पातळ निघाली तर नायट्रसच्या प्रेशरला ती वाकते, रिंग सील सोडते आणि मग तू स्ट्रोक कितीही घे.

रिंगलँड
४०६ ला माझं पण मत. पण रिंग गॅपबद्दल (रिंगच्या दोन टोकांमधली फट) कोणी बोललं नाही म्हणून लिहितोय. माझ्या आधीच्या इंजिनात मी साध्या रस्त्याच्या हिशोबाने गॅप ठेवला होता, बोअरच्या दर इंचाला साडेचार थाऊ. तिसऱ्याच पासला (ड्रॅगच्या धावेला) पॉवर गेली. उघडल्यावर वरच्या रिंगची दोन्ही टोकं आरशासारखी चमकत होती, एकमेकांना भिडून घासली होती, आणि पिस्टनची वरची पट्टी एका बाजूने उचकटून निघाली होती. स्पार्क प्लगच्या पांढऱ्या भागावर बारीक काळे ठिपके आधीच्या पासलाच दिसले होते, तेव्हाच थांबायला हवं होतं, अजून वाईट वाटतं. आता मी इंचाला सात थाऊ ठेवतो, तुझ्या ४.१५५ ला ते २९ थाऊ होतात, तरी पिस्टनवाल्याने दिलेला आकडा असेल तर तोच पाळ. आणि इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ) दर ५० हॉर्सपॉवरला साधारण २ डिग्री मागे घे, तिथून प्लग बघत जा.

पिस्टनवेडा
खूप आभार सगळ्यांचे. ४३४ डोक्यातून काढला. सोनिक टेस्ट करून आणली, सात सिलिंडरला थ्रस्ट साईडला २०० थाऊच्या वर आहे पण एकाला आत्ताच १८५, म्हणजे ३० ओव्हर केल्यावर १७० च उरेल. २०० च्या शॉटला चालेल का?

बोअरगेज
माझ्या इंजिनात मी नाही चालवणार. त्या एकाच सिलिंडरला स्लीव्ह (आतून नवी नळी) बसवता येते, पण चिकटलेल्या बोअरमध्ये स्लीव्ह बसवली की शेजारच्या भिंतीचं मटेरियल पण जातं. आधी टेपर (बोअर वर आणि खाली किती वेगळा घासलाय ते) मोजून घे, २० ओव्हरमध्ये साफ होत असेल तर तेवढंच कर, भिंत १७५ राहील आणि शॉट १५० वर ठेव. २५० करायचाच असेल तर हा ब्लॉक ठेवून दे आणि जाड भिंतीचा दुसरा शोध.

टॉर्कवाला
इथे मी पण बोअरगेजच्या बाजूने. १७० वर २०० नको.