सेलर स्पायडरला मराठीत काय म्हणावं?

रानवाटा: घरातल्या प्राण्यांवर मुलांसाठी माहितीपत्रक करतेय. 'सेलर स्पायडर'पाशी अडलंय. 'तळघरातला कोळी' लिहिलं, तर संपादक म्हणतात, तळघर कुणाकडे आहे? कोळी मात्र घरोघरी आहे. कोपऱ्यात उलटा लटकणारा, दोऱ्यासारख्या पायांचा. डिवचला की जाळ्यासकट गदगदा हलतो. आपल्याकडे नेहमी दिसतो त्या जातीचं शास्त्रीय नाव क्रॉसोप्रायझा लायोनाय. ब्रिटिश कोळीतज्ज्ञ ब्लॅकवॉलने 1867 साली त्याचं वर्णन केलं.

जुनाट: गृहऊर्णनाभ. ऊर्णनाभ म्हणजे संस्कृतात कोळी.

कोपरखळी: पोरं पळतील! आमची आजी सरसकट 'कातीण' म्हणायची. कातते ती कातीण.

जुनाट: अहो, कातीण अंगावर मुतली की फोड येतात म्हणतात. हा तर बिनउपद्रवी, उलट डास खातो. मुलं उगाच घाबरतील.

दमट: लांबटांग्या म्हणा की. इंग्रजीत डॅडी लाँगलेग्ज आहेच.

रानवाटा: तेच नको. ब्रिटनमध्ये ते नाव क्रेन फ्लाय या माशीलाही आहे, अमेरिकेत हार्वेस्टमन या कोळ्यासारख्या दिसणाऱ्या प्राण्याला. तो तर कोळीच नाही, जाळंही विणत नाही. हा घोळ आपण का आयात करायचा?

कोपरखळी: मग 'थरथऱ्या'. मादीला वेगळं नाव हवं खरं तर. अंड्यांचा गठ्ठा तोंडात धरून बसते बिचारी.

शब्दवेडा: याचं कुळ फोलसिडी, त्यातल्या फोलकस या वंशाच्या नावावरून. हा ग्रीक शब्द होमरच्या इलियड महाकाव्यात थर्सायटीस या पात्रासाठी येतो, अर्थ बहुधा 'फेंगड्या पायांचा'. आपलं 'फोलपट' त्याच धातूतलं असणार! वाळकं, हलकं, वाऱ्याने हलणारं.

जुनाट: पुरावा?

शब्दवेडा: कानाला ऐकू येत नाही का?

दमट: कानावर गेलं तर कोल्हापूरही कोळ्यांनीच वसवलं म्हणायचं.

कोपरखळी: 'जळमट्या' कसं वाटतं? याचं जाळं चिकट नसतं, नुसता गुंता. त्यावर धूळ बसली की झालं जळमट.

जुनाट: ते कोळिष्टक. जळमटात काजळी हवी, चुलीच्या वरची.

दमट: गॅस आल्यापासून जळमटं बंद झाली का मग? दिवाळीच्या आधी आम्ही काय काढतो?

जुनाट: कोळिष्टकं काढता आणि जळमटं म्हणता. वापरात आलं म्हणून बरोबर होत नाही.

रानवाटा: मंडळी, पत्रक सोमवारी छापायला जातंय.

शब्दवेडा: जळमट म्हणजे जाळं अधिक मठ, असं तर नाही?