मास्तर वर्गात नसतो, मान्य. पण का नसतो?

किसुमूकर:
परवा इथे एका सदस्याने लिहिलं की केनिया-युगांडातल्या सरकारी मास्तरांना फुकटचा पगार खायची सवय लागली आहे. सगळ्यांना कंत्राटावर आणा, अंगठ्याचं मशीन बसवा, पोरं वाचायला लागतील. वाचून डोकं फिरलं. तिथे प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा काढतोय.

मास्तर वर्गात नसतो हे मी नाकारत नाही. जागतिक बँकेने आफ्रिकेतल्या सात देशांत अचानक भेटी देऊन मोजलं, त्यात केनिया, टांझानिया, युगांडा तिन्ही होते. शंभरातले ४४ मास्तर वर्गात सापडले नाहीत. पण त्याच मोजणीत शाळेतच न आलेले होते २३. म्हणजे बाकीचे शाळेच्या आवारात होते आणि तरी वर्गाबाहेर. फाटकावरचं मशीन त्यांना वर्गात कसं नेणार?

जानेवारी २००३ मध्ये केनियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष किबाकी यांनी प्राथमिकची फी माफ केली. पट ५९ लाखांवरून ७२ लाखांवर गेला. युगांडात १९९७ मध्ये तेच झालं, ३० लाखांचे ५० लाख. निर्णय शंभर टक्के योग्य होता. पण मास्तरांची भरती त्या मानाने झाली नाही आणि खोल्याही वाढल्या नाहीत.

मी पाण्याच्या टाक्यांच्या कामासाठी पश्चिम केनियातल्या सियाया-बुसियाकडच्या शाळांत जातो. तिथला पहिलीचा एक वर्ग सांगतो. बाकं नाहीत, पोरं जमिनीवर. बाई फळ्याला पाठ लावून उभ्या, कारण पुढे पाय ठेवायला जागाच नाही. फळ्यावर इंग्रजी वाक्य, सगळा वर्ग एका सुरात म्हणतोय. मागच्या रांगेतला एक पोरगा खिडकीबाहेर बघत तेच वाक्य बिनचूक म्हणत होता. त्याला त्यातला एक शब्दही वाचता येत नव्हता. त्या बाई हजर होत्या, वेळेवर आल्या होत्या, घसा फोडून शिकवत होत्या. तुमच्या मशीनने त्यांना पूर्ण गुण दिले असते.

कंपालाकर:
ती पोस्ट माझीच, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे.

तुम्ही एक कष्टाळू बाई दाखवल्या, मी दहा कामचुकार दाखवतो. माझ्या गोदामात सातवी पास मुलं येतात. पावतीवरचा आकडा वाचता येत नाही, बेरीज बोटांवर. त्यांना सात वर्षं कोणी काय शिकवलं? माझ्या ड्रायव्हरच्या गावचा मास्तर पेरणीच्या दिवसांत शेतावर असतो हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे, आणि पगार एक दिवस चुकत नाही.

कंत्राटाचं म्हणाल तर पश्चिम केनियात रीतसर प्रयोग झाला आहे. डुफ्लो, दुपा आणि क्रेमर या अर्थशास्त्रज्ञांचा. शाळा समितीने नेमलेले कंत्राटी मास्तर, पगार कायमवाल्यांच्या साधारण पाव, आणि वर्गात सापडायचं प्रमाण कितीतरी जास्त. त्यांची पोरंही पुढे गेली. नोकरी जाईल ही भीती असली की माणूस काम करतो. याला तुमच्याकडे उत्तर नाही.

झेडपी_गुरुजी:
साहेब, पाव पगारात माणूस राबतो याचा अभिमान वाटतो तुम्हाला? मी शिक्षणसेवक म्हणून लागलो तेव्हा तीन वर्षं मानधनावर काढली. घरभाडं द्यायला वडिलांकडे हात पसरला. वर्गात रोज होतो, कारण जायला दुसरी जागा नव्हती. त्याला गुणवत्ता म्हणू नका. आणि कायम झाल्यावर मी शिकवणं सोडलं असं तुम्हाला वाटत असेल तर शाळेत या, पोरं वाचून दाखवतील.

वर्गाबाहेर काय करतो ते मी सांगतो. मतदार याद्या, पोषण आहाराचा तांदूळ, ऑनलाइन माहिती, परत तीच माहिती वेगळ्या नमुन्यात. केनियातल्या मास्तराचं वेगळं असेल असं मला वाटत नाही.

किसुमूकर:
गुरुजी, अगदी. कंपालाकर, त्या प्रयोगाची दुसरी बाजूही सांगा ना. कंत्राटी माणूस आल्यावर त्याच शाळांतले कायमचे मास्तर वर्गात आणखी कमी दिसू लागले. काम नव्यावर ढकललं. आणि पुढे हीच योजना केनियाभर करून बघितली, तेव्हा स्वयंसेवी संस्थेने चालवली तिथे गुण वाढले आणि सरकारने चालवली तिथे काहीच फरक पडला नाही. कंत्राट तेच. पगार वेळेवर मिळत नव्हता, देखरेख नव्हती, शिक्षक संघटनेचा विरोध होता. मग गुण कंत्राटाचा की चालवणाऱ्याचा?

दारेसलामवाली:
तुम्ही सगळे मास्तरांवर भांडताय. पण मूळ पोस्टमधला पोरगा इंग्रजी वाक्य न समजता म्हणत होता, त्याबद्दल कोणीच बोलत नाही. माझ्या मते सगळं तिथेच अडलंय.

बुसियात क्रेमर मंडळींनी पाठ्यपुस्तकं वाटून बघितली होती. सरासरी गुण हलले नाहीत. फायदा झाला तो आधीपासून वर असलेल्यांना. पुस्तकं इंग्रजीत, आणि त्या पोरांची ती तिसरी भाषा. इथे टांझानियात सात वर्षं सगळं स्वाहिलीत आणि माध्यमिकला पाऊल ठेवलं की विज्ञान, गणित, भूगोल एकदम इंग्रजीत. आमच्या शेजारची मुलगी प्राथमिकला वर्गात पहिली असायची. फॉर्म वनच्या, म्हणजे माध्यमिकच्या पहिल्या वर्षाच्या, जीवशास्त्राच्या वहीत तिने फळा जसाच्या तसा उतरवलाय, सुंदर अक्षर, आणि एका ओळीचा अर्थ विचारला की मान खाली. मास्तर बिचारा चोरून स्वाहिलीत समजावतो.

कंपालाकर:
हे मातृभाषेचं पुराण इथेही आलंच. ताई, तुमची मुलं कुठल्या माध्यमात आहेत? उत्तर मला माहीत आहे, दारेसलामचा प्रत्येक मराठी माणूस मुलांना इंटरनॅशनल स्कूलमध्ये घालतो. मग गरिबाच्या पोराने स्वाहिलीत का शिकायचं? माझा ड्रायव्हर निम्मा पगार इंग्रजी खासगी शाळेत भरतो. तो मूर्ख आहे का?

दारेसलामवाली:
माझ्या मुलांपर्यंत जायची गरज नव्हती. पण विचारलंत म्हणून सांगते, हो, इंग्रजीत आहेत. घरात इंग्रजी ऐकतात, पुस्तकं आहेत, मी शेजारी बसते. तुमच्या ड्रायव्हरच्या मुलाला यातलं काय मिळतं? इंग्रजी शिकू नये असं मी म्हटलेलंच नाही. इंग्रजी विषय नीट शिकवा. न कळणाऱ्या भाषेत गणित शिकवू नका, एवढंच.

नाकुरू_ते_ठाणे:
यावर राहवलं नाही. आमच्या केनियातल्या नाकुरूच्या ऑफिसात लुओ समाजाचे एक सहकारी होते. त्यांच्या शाळेत घरची भाषा बोलताना सापडलं की गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायचे. तो उतरवायचा तर दुसऱ्या कुणाला बोलताना पकडून द्यायचं. संध्याकाळी ज्याच्या गळ्यात राहील त्याला छडी. ते म्हणायचे, आम्ही इंग्रजी शिकलो नाही, गप्प बसायला शिकलो. माझी कॉन्व्हेंटमधली मराठी बोलल्याची दंडाची वही मला तेव्हा आठवली. गप्प बसलेल्या वर्गाला जगातला कुठलाही मास्तर काय शिकवणार?

झेडपी_गुरुजी:
नाकुरूताई, हे वाचून अंगावर काटा आला.

कंपालाकर:
काटा येऊन पोरं वाचत नाहीत. मातृभाषेत शिकवून निकाल सुधारल्याचं युगांडातलं एक उदाहरण द्या. २००७ पासून इथे पहिली ते तिसरी स्थानिक भाषेत आहे. कागदावर.

किसुमूकर:
तुमच्याच उत्तर युगांडातलं देतो. लांगो भागात पहिलीला तिथल्या लेब्लांगो भाषेत वाचन शिकवायचा कार्यक्रम झाला. मास्तरांना नीट प्रशिक्षण, वर्गात येऊन मार्गदर्शन, पुस्तकं, पोरांच्या हातात पाट्या. वाचनात मोठी वाढ झाली. मग तोच कार्यक्रम स्वस्तात करून बघितला. प्रशिक्षण सरकारी यंत्रणेकडे दिलं, पाट्या वगळल्या. वाचन सुधारलं पण कमी, आणि लिहिणं काही बाबतींत काहीच न केलेल्या शाळांपेक्षाही मागे गेलं. तुम्ही जिथे पैसे वाचवायला सांगताय तिथेच पोरं मागे पडतात.

केनियात २०१५ पासून तुसोमे हा वाचनाचा कार्यक्रम चालला, तोही याच वाटेने. प्रत्येक पोराला स्वतःचं पुस्तक, मास्तराला रोजच्या तासाची मार्गदर्शिका, आणि टॅब घेऊन वर्गात मागे बसणारा सहायक अधिकारी. तो हजेरी तपासायला येत नव्हता. तास बघायचा, दोन-तीन पोरांना वाचायला लावायचा आणि मास्तराशी बोलायचा. माझं म्हणणं एवढंच आहे: मास्तराला वर्गात काय करायचं ते दाखवणारा माणूस द्या, पोराला कळणाऱ्या भाषेतलं पुस्तक द्या. मग गैरहजर राहील त्याला खुशाल काढा, मी तुमच्या बाजूने उभा राहीन.

दारेसलामवाली:
एक भर. ही पोरं वाचू शकत नाहीत हे तिन्ही देशांत घरोघर जाऊन दाखवलं ते उवेझो या संस्थेने, आणि उवेझो उभी राहिली आपल्या मुंबईच्या ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणावरून. उवेझोच्या पाहणीत तिसरीतल्या जेमतेम तिघांतल्या एकाला दुसरीचं येत होतं. म्हणून तिकडच्या मास्तरांना नावं ठेवण्याआधी आपल्याकडचे असरचे आकडेही बघा. जागतिक शिक्षक पुरस्कार २०१९ मध्ये केनियाच्या पीटर ताबिची यांना मिळाला आणि २०२० मध्ये सोलापूरच्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना. दोघेही सरकारी शाळेतले.

कंपालाकर:
पुरस्काराने काही सिद्ध होत नाही, लाखात एक माणूस कुठेही निघतो. मशीनचा मुद्दा सोडतो, तो आवारातल्या मास्तरांचा आकडा मी पाहिला नव्हता. कंत्राटाचा सोडत नाही. शाळा समितीतल्या पालकांना माणूस नेमायचा आणि काढायचा अधिकार हवाच.

झेडपी_गुरुजी:
पालकांना अधिकार द्या, पण पूर्ण पगारावर. केनियात २०२३ पासून ज्युनियर सेकंडरीचे (सातवी ते नववी) वर्ग प्राथमिक शाळांत आणून बसवले आणि तिथे इंटर्न म्हणून पदवीधर नेमले, महिना २०,००० शिलिंगांवर. मे २०२४ मध्ये ते रस्त्यावर उतरले आणि वर्ग बंद पडले. नोकरी जायची भीती त्यांनाही होतीच की. विज्ञानाचा पदवीधर आणखी किती वर्षं इंटर्न म्हणून ठेवायचा, ते सांगा.

कंपालाकर:
एक वर्ष. त्यानंतर पोरांची परीक्षा घ्या, आणि ती त्यांना कळणाऱ्या भाषेतच घ्या, ताईंचं तेवढं ऐकतो. निकाल दिसला तर कायम करा. नाही दिसला तर घरी.

झेडपी_गुरुजी:
नव्वद पोरांच्या वर्गाचा निकाल एका वर्षात? आधी वर्गाचे दोन करा, मग परीक्षेचं बोलू.