बिबडे-पापडाच्या धंद्याला वाट दाखवणारं कोण भेटेल?

बिबडेवाली, फैजपूर
नमस्कार मंडळी. चार वर्षं झाली, बिबडे (ज्वारीचे पापड), उडदाचे पापड नि काळा मसाला करून विकते. उन्हाळाभर गच्चीवर ओली धोतरं अंथरलेली, ज्वारीचा घाटा थापायला शेजारच्या तिघी येतात. माल पुण्या-मुंबईपर्यंत जातो, पण ओळखी-ओळखीतच. कर्ज काढून यंत्रं घ्यावीत का, भाव कसा लावावा, हे विचारायला घरात कोणी नाही. मागच्या साली एका ऑनलाइन 'बिझनेस कोच'ला सात हजार भरले. बारा दिवस नुसतं 'मोठी स्वप्नं बघा'. किलोमागे काय सुटतं हे त्यानं एकदाही विचारलं नाही. आता धंदेवाल्यांच्या एका क्लबात यायचा आग्रह चाललाय. फी भरू का?

तापीकाठ
आधी पाहुणी म्हणून एक बैठक बसून या. बीएनआय हा असाच धंदेवाल्यांचा क्लब, त्यात एका चॅप्टरात (गटात) एका धंद्याचा एकच माणूस घेतात आणि बैठक दर आठवड्याला. माझं छपाईचं काम, त्यामुळे तिथला प्रत्येक जण माझं गिऱ्हाईक: बिलबुक, पत्रिका, खोकी. तुमचे पापड सीए आणि विमावाला किती खाणार? केटरर, हॉटेलवाले बसत असतील तरच फी भरा.

धुळेकर
ताई, पहिले हिशोबनी वही दखाड, मंग सल्ला.

हिशोबनीस, जळगाव
केंद्र सरकारची पीएमएफएमई योजना बघा, 2020 पासूनची. खाद्यपदार्थांच्या छोट्या उद्योगाला बँक कर्जाशी जोडलेलं 35 टक्के अनुदान, जास्तीत जास्त 10 लाख. योजनेत प्रत्येक जिल्ह्याला एक उत्पादन ठरवून दिलंय, आपल्या जिल्ह्याचं केळी, पण चालू धंदा असला की पापडवाल्यांनाही अर्ज करता येतो. खरा फायदा वेगळाच: यात 'जिल्हा संसाधन व्यक्ती' असते. प्रकल्प अहवाल, बँकेच्या खेपा, परवाने, सगळ्यात ती सोबत असते आणि तिचं मानधन सरकार देतं. अर्ज सध्या घेताहेत का, ते तालुका कृषी कार्यालयात विचारा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, तर फुकटच आहे, कोणी पैसे मागितले तर उठून या.

आक्का, चोपडा
कागद होतील गं. धंद्याचा गुरू धंद्यातलाच लागतो, आणि तोही गावातला नको. गावातली तुला खरा भाव सांगणार नाही, तिचंही पोट आहे. दोन तालुके लांबची शोध. मी अमळनेरच्या एका मावशींकडे दोन दिवस लाट्या करत बसले होते. पापडखार किती, पीठ किती कुटायचं, हे मला येतच होतं. पण त्यांच्या दारामागे एक पत्र्याचा डबा होता. फुटलेले पापड त्यात, आणि संध्याकाळी डबा काट्यावर. मी तोवर फुटका माल पाहुण्यांना तळून घालत होते, हिशोबात तो कधी आलाच नाही! बायांची मजुरी धरतेस, स्वतःची धरतेस का?

बिबडेवाली
नाही धरत, आक्का. धुळेकर भाऊंनी टोचलं म्हणून काल रात्री वही काढली. माझी रोजी दोनशे धरली तर मसाल्यात चार पैसे राहतात, पापड जेमतेम, आणि बिबडे चक्क तोट्यात. चार वर्षं मी मसाल्याच्या जिवावर बिबडे खाऊ घालतेय लोकांना. यंत्रांचं नंतर बघू. चोपड्याला कधी येऊ?

आक्का, चोपडा
शनिवारी गिरणी बंद असते, तो सोडून कधीही. वही आण.