नासर्डीचं पाणी आठवी-नववीच्या मुलांकडून मोजून घ्यायचंय. कुठे आणि काय मोजावं?

सिडको_विज्ञान
नमस्कार. शाळेतली 30 मुलं, वर्षभराचा उपक्रम. दर महिन्याला नाशिकच्या नासर्डी नदीचं पाणी मोजायचं आहे. मुलांच्या तोंडी ती 'नाला' आहे, आणि नंदिनी हे तिचं नाव तर बऱ्याच जणांना ठाऊकच नाही. हे बदलावं अशी मनापासून इच्छा आहे. शाळेत पीएचच्या पट्ट्या, एक टीडीएस मीटर आणि जिवाणू तपासायच्या दहा एचटूएस बाटल्या आहेत. एवढ्यावर भागेल का? ठिकाणं किती धरावीत? आकडे महापालिकेपुढे ठेवायचे तर कसे?

पुलावरून_मोजा
मॅडम, साधनांच्या आधी ठिकाणं पक्की करा. तीन पुरतात: सातपूरच्या वरच्या अंगाला एक, पुणे रोडवरचा नासर्डी पूल आणि आगर टाकळीला गोदावरीत मिळण्याच्या थोडं अलीकडे एक. संगमाच्या खालचं पाणी घेऊ नका, तिथे आकडा कोणत्या नदीचा ते सांगता येत नाही. सगळा जीव वरच्या आणि खालच्या ठिकाणांतल्या फरकात आहे, त्यामुळे तिन्ही नमुने एकाच सकाळी घ्या.

वेळ ठरली की वर्षभर मोडायची नाही. शेवाळ दिवसा पाण्यात ऑक्सिजन सोडतं आणि रात्री ओढून घेतं. एका महिन्यात सकाळी 8 ला आणि पुढच्या महिन्यात दुपारी 3 ला मोजलंत, तर नदी सुधारल्याचं कागदावर दिसेल. प्रत्यक्षात फक्त घड्याळ बदललेलं असेल.

मुलं पाण्यात उतरता कामा नयेत, लेप्टोचा (उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा) धोका खरा आहे. पुलावरून दोरीने बादली सोडून मधल्या धारेचं पाणी घ्या, आधी बादली त्याच पाण्याने तीनदा विसळा. पाणी चढलेलं असेल तर तो महिना सोडून द्या आणि वहीत तसं लिहा.

प्रवाह जरूर मोजा, बहुतेक शाळा तो टाळतात. सरळ वाहणारा 10 मीटरचा टप्पा निवडा, संत्रं सोडा, सेकंद मोजा, पाच वेळा. संत्रं अर्धंअधिक बुडून तरंगतं, म्हणून वारा त्याला फारसा ढकलत नाही. थर्माकोल वाऱ्याबरोबर पळतो. समजा 40 सेकंद लागले, म्हणजे वेग सेकंदाला 0.25 मीटर. रुंदी 4 मीटर, सरासरी खोली 0.3 मीटर. गुणाकार करून 0.85 ने पुन्हा गुणा, कारण तळाचं पाणी वरच्यापेक्षा हळू चालतं. उत्तर सेकंदाला साधारण 255 लिटर, म्हणजे 9 क्युसेक (सेकंदाला 9 घनफूट). गंगापूर धरणाचा विसर्ग पेपरात क्युसेकमध्येच छापून येतो, त्यामुळे मुलांना तुलना लगेच कळते.

रसायन_पंचवटी
एचटूएस बाटल्या नदीवर घालवू नका. 20 मिली पाणी भरून 30 ते 37 अंशांत 24 ते 48 तास ठेवलं की काळी पडते ती दूषित. सांडपाणी मिसळलेल्या पाण्याची बाटली प्रत्येक वेळी काळीच होणार, मग मुलं शिकणार काय? त्या विहिरी आणि बोअरसाठी ठेवा.

टीडीएस मीटर कामाचा आहे, पण खरं तर तो फक्त पाण्याचं वीजवहन मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. घाण किती ते त्याला कळत नाही. खालच्या ठिकाणी आकडा अचानक चढला तर मधे काहीतरी मिळतंय, एवढाच त्याचा अर्थ.

खरी मोजणी विरघळलेल्या ऑक्सिजनची. जवळच्या ज्युनिअर कॉलेजची प्रयोगशाळा मिळाली तर विंकलर पद्धत करा. 300 मिलीची काचेची बाटली काठोकाठ भरायची, आत एकही बुडबुडा नको. बुडबुडा राहिला की आकडा फुगतो. मग 2 मिली मँगनीज सल्फेट आणि 2 मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड, पिपेटचं टोक पाण्याच्या खाली धरून. झाकण लावून बाटली उलटसुलट करा. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर पाण्यात जवळजवळ काही उरलेलं नाही. पुलावरच ही बाटली मुलांपुढे धरा, वर्गातल्या तासाभराच्या भाषणापेक्षा ते पांढरेपण जास्त पोचतं. पुढे 2 मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालायचं आणि लॅबमध्ये 0.025 नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेशन, म्हणजे ते थेंबथेंब घालून किती लागतं ते मोजणं. 200 मिली घेतलंत तर लागलेला दर मिली म्हणजे लिटरला 1 मिलिग्रॅम.

आंघोळीयोग्य पाण्याला लिटरला ऑक्सिजन किमान 5 मिलिग्रॅम, बीओडी (घाण कुजवताना जिवाणू वापरतात तो ऑक्सिजन) जास्तीत जास्त 3 मिलिग्रॅम आणि पीएच 6.5 ते 8.5 लागतो. आणखी एक: पुस्तकात 25 अंशांना विरघळलेला ऑक्सिजन कमाल 8.3 दिलेला असतो, तो समुद्रसपाटीचा. नाशिक साधारण 600 मीटर उंचीवर आहे, इथे तो 7.7 च्या आसपास धरा. नाहीतर स्वच्छ पाणीही कमी भरल्यासारखं वाटेल.

सिडको_विज्ञान
सर, आम्ल आणि अझाइड मुलांच्या हाती द्यायचं?

रसायन_पंचवटी
अजिबात नाही. अझाइड विषारी आहे. रसायनं शिक्षकांनीच घालायची, हातमोजे आणि चष्मा लावून. मुलांनी बाटली भरणं, वेळ, तापमान आणि नोंद सांभाळायची. उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका, वेगळ्या कॅनमध्ये साठवून कॉलेजच्या लॅबकडे द्या.

गोदाकाठ
आकडे महापालिकेकडे न्यायच्या आधी एक घरपाठ द्या: आपल्या घरचं सांडपाणी कुठे जातं? मोरीपासून चेंबर, चेंबरपासून मोठी लाइन, तिथून कोणतं मलनिस्सारण केंद्र, सगळं नकाशावर काढायचं. नासर्डीत आपल्या वस्तीचंही पाणी येतंय का, हे मुलांनी स्वतः शोधलं की 'नाला' हा शब्द आपोआप अवघड वाटू लागतो.

शाळेचे आकडे कायदेशीर पुरावा धरले जात नाहीत. त्यांचा उपयोग प्रश्न नेमका विचारायला होतो. "नदी घाण आहे" या अर्जाला उत्तर मिळत नाही. तारीख, वेळ, पूल, वरच्या आणि खालच्या ठिकाणांचे आकडे आणि पाइपाचा फोटो जोडून विभागीय कार्यालयात द्या, पोच घ्या. सोबत माहिती अधिकारात 10 रुपये शुल्काचा अर्ज: त्या महिन्यात आगर टाकळी केंद्रात आलेल्या आणि बाहेर सोडलेल्या पाण्याचे तपासणी अहवाल. उत्तराची मुदत 30 दिवस. अर्ज शिक्षकाच्या किंवा पालकाच्या नावे करा, मुलांच्या नाही.

आणि पुलाच्या खांबावर रंगाची पट्टी मारायची परवानगी मागा. पूर आला की अख्खं नाशिक विचारतं, पाणी दुतोंड्या मारुतीच्या (गोदापात्रातल्या मूर्तीच्या) कुठवर आलं? कमरेला, छातीला, गळ्याला. रामकुंडापाशी गोदावरीचं माप लोकांनी असं पाठ केलंय. नासर्डीला तसं माप नाही, ते या मुलांनी द्यावं.

सिडको_विज्ञान
खूप आभार. पुलावरून खोली मोजायला दोरीला दगड बांधला तर चालेल का?

पुलावरून_मोजा
दगड हलका पडतो, धारेबरोबर वाहतो. दोरी तिरपी झाली की खोली जास्त भरते. किराणा दुकानातलं 1 किलोचं लोखंडी वजन बांधा, दर 10 सेंटिमीटरला गाठ मारा आणि सुती दोरी नको, भिजल्यावर आखडते. नायलॉन घ्या.